रंगाऱ्याच्या दोन खिडक्या

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये रंगारीदादांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, मोठे साहेब, आणि तेही चिडले की. बाकी सगळ्यांचे ते रंगारी. घरं रंगवणारे नव्हेत हं. आयुष्यात त्यांनी ब्रश हातात धरला असेल असं मला वाटत नाही. ते रंगवायचे त्या संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या.

आमचं काम थोडं सांगायला हवं. शहराच्या कडेकडेने पाण्याची पंपघरं आहेत आणि प्रत्येक पंपघरात एक छोटं मशीन आहे. आम्ही इथे एका खोलीत बसून टर्मिनल नावाच्या प्रोग्रॅममधून त्या मशीनला जोडून घेतो. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळी खिडकी उघडते, तिच्यात अक्षरं उमटतात. आपण आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, की तिकडे लांब कुठेतरी पंप धडधडायला लागतो. इथे त्याचा आवाजही येत नाही. नवीन माणसाला पहिले काही दिवस खरंच वाटत नाही की आपण काही केलं.

दादा बदली होऊन आले तेव्हा मी नुकतीच कामाला लागले होते. त्या खिडकीत काही नावं गडद निळ्या अक्षरांत यायची. काळ्यावर गडद निळं, म्हणजे पाटीवर कोळशाने लिहिल्यासारखं. आम्ही सगळे नाक काचेला टेकवून वाचायचो. पहिल्याच दिवशी दादांनी माझ्या पाठीमागून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे तुम्ही वाचता कसं?”

“वाचतंय कोण,” आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरबाई म्हणाल्या. “अंदाजाने चाललंय.”

“अंदाजाने अख्ख्या शहराला पाणी पाजताय?”

“मिळतंय ना पाणी? मग झालं तर.”

दादा हसले, खुर्ची ओढून बसले आणि त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे रंगांची यादी असते हे मला तेव्हा कळलं. एकेका रंगासमोर तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती. दादांनी निळ्याचे आकडे वाढवत नेले आणि ती मेलेली अक्षरं उजळत उजळत दुपारच्या आभाळासारखी झाली. मग मला म्हणाले, “आता मागे जाऊन सेव्ह कर. सगळे इथेच चुकतात. रंग लावतात आणि सेव्ह न करता खिडकी मिटतात. उद्या उघडलं की पुन्हा अंधार.”

त्या दिवसापासून त्यांच्यामागे रांगच लागली. जुन्या ऑपरेटरबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना पांढरी अक्षरं टोचायची, तर दादांनी त्यांना फिकट पिवळी करून दिली. एकाचं डोकं दुखायचं, त्याच्या खिडकीची पार्श्वभूमी त्यांनी काळ्याऐवजी राखाडी केली. कोणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे विचारायची त्यांची एक पद्धत होती. घाई नाही, थट्टा नाही. “आता? आणि आता? जरा बरं वाटतंय का?” असं अगदी चष्मेवाल्यासारखं विचारत बसायचे. म्हणून मग रंगारी. “रंगारी, घराच्या भिंतींना पण एक हात मारून द्या की,” असं कोणी म्हटलं की ते म्हणायचे, “भिंतीला सेव्हचं बटण नसतं बाबा, तिथे माझं काही चालत नाही.”

पण त्यांचं खरं काम वेगळंच. आमच्याकडे प्रत्येक पंपघराच्या मशीनची एक हुबेहूब नक्कल ठेवलेली आहे, सरावासाठी. नवीन माणसाला शिकवायचं तर नकलेवर. तिथे आज्ञा दिली तर काहीही चालू होत नाही, फक्त अक्षरं उमटतात. पंचाईत अशी की खऱ्या मशीनची आणि नकलेची खिडकी डिट्टो सारखी. नावात एका अक्षराचा फरक, तोही शेवटी. दादांच्या आधी एकाने सराव समजून खराच पंप बंद केला होता आणि अर्धं शहर सकाळभर कोरडं राहिलं होतं. दादांनी प्रत्येकाच्या संगणकावर बसून खऱ्या मशीनच्या खिडकीची पार्श्वभूमी लाल करून दिली आणि सरावाची हिरवी. डोळ्यांना त्रास होणार नाही असा खोल लाल, खोल हिरवा. “लाल दिसलं की हात आवरायचा,” ते म्हणायचे. “हिरवं दिसलं की खुशाल दंगा करा.”

त्यानंतर कितीतरी वर्षं एकदाही घोटाळा झाला नाही. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. दादा कानापर्यंत लाल झाले आणि उगीचच खुर्चीचं चाक तपासत बसले.

याच काळात त्यांची आणि पहिलवानाची गट्टी जमली. पहिलवान आमचा फिटर. पंप उघडणं, जोडणं, गळती काढणं हे त्याचं काम. नाव पहिलवान, पण अंगाने काडी. मात्र हाताची पकड अशी, की पान्याने न हललेला नट तो बोटांनी हलवायचा. दुपारी तो आमच्या खोलीत यायचा आणि दादांच्या डब्यातलं निम्मं जेवण फस्त करायचा.

“वहिनींना सांग, मीठ कमी पडतंय,” तो म्हणायचा.

“तुझ्यासाठी नाही करत ती.”

“मग मी खातो कसा?”

“निर्लज्ज आहेस म्हणून.”

असं रोजचं.

पुढचं सगळं कधी सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही. आता मागे वळून पाहिलं की खुणा दिसतात. त्या वेळी त्या खुणा नव्हत्या, नुसत्या गमतीजमती होत्या. दादा खोलीचे पडदे ओढून घ्यायला लागले. बाहेर निघाले की काळा चष्मा. “हिरो झालात का या वयात?” असं आम्ही चिडवलं. त्यांच्या स्वतःच्या संगणकावरचे रंग एकेक करून गेले. लाल-हिरवं गेलं आणि काळ्यावर मोठी मोठी पिवळी अक्षरं आली, लांबून वाचता येतील एवढी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “आयुष्यभर रंगच केले गं. कंटाळा आला आता.” मला ते पटलं. रंगाऱ्याला रंगांचा कंटाळा येऊ शकतो, त्यात काय.

घरची हकिगत मला वहिनींनी नंतर सांगितली. वहिनी घरीच शिवणकाम करायच्या, पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. दोरा आणायचं काम दादांचं. एकदा त्या निळ्या कापडासाठी दोरा मागवत होत्या, तर दादांनी जांभळा आणला. पुढच्या वेळी तपकिरीऐवजी हिरवा. वहिनींना वाटलं, यांचं लक्ष नसतं. मग एकदा त्यांनी पिशवीभर टोमॅटो आणले, सगळे कच्चे. “विकणाऱ्याने बरं गिऱ्हाईक गाठलं,” म्हणून वहिनी बोलल्या. त्यानंतर दादा बाजारात टोमॅटो बोटांनी दाबून दाबून घ्यायला लागले आणि विकणारे त्यांच्यावर ओरडायचे. “मला त्या वेळी हसू यायचं,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, आता शिकले एकदाचे.”

दादा एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, त्या मरत चालल्या आहेत. आधी रंग जातील, मग बारीक अक्षरं, मग समोरच्या माणसाचा चेहरा. उजेड सोसणार नाही. औषध नाही. ऑपरेशन नाही. दादांनी विचारलं, काम करता येईल का? डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? दादा म्हणाले, “संगणकावर.” यापुढे काही सांगितलं नाही. घरी येऊन वहिनींना म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय.

मग त्यांनी आपली एक युक्ती बसवली. रंग दिसत नाहीत तर जागा लक्षात ठेवायची. खरी खिडकी कायम उजवीकडे, सरावाची कायम डावीकडे. आपल्या पडद्यावर ते कधीही याच्या उलट ठेवत नसत. आणि त्या युक्तीवर त्यांनी बरेच महिने काढले.

तो दिवस सरळसाधा उजाडला होता. सकाळी दादांच्या संगणकाचा पडदा बंद पडला म्हणून तो दुरुस्तीला गेला. थोड्या वेळाने पहिलवानाचा फोन आला, मीच घेतला.

“ताई, नदीकाठच्या पंपघरात आहे. दोन नंबरच्या पंपाची आणि मोटरची जोडणी, कपलिंग, उघडतोय. कोणी हात लावू नका हं.”

“तिथला स्विच पाडलास का?”

“कसा पाडू? दोन्ही पंप एकाच स्विचवर आहेत. हा पाडला तर एक नंबरही बंद होतो, मग दवाखान्याकडचं पाणी जाईल. आणि कंट्रोल रूमची आज्ञा तोडायचा खटका तुटलेला आहेच. कितीदा सांगितलंय.”

“बरं. मी फळ्यावर लिहिते.”

लिहिलं. सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. दादांनीही मान डोलावली. मग त्या पंपघराची खरी खिडकी उघडून मी दाबावर नजर ठेवून बसले, कारण सगळा भार एकाच पंपावर होता. बाजूला सरावाची खिडकी सकाळपासून उघडी होती.

त्या आठवड्यात दुसऱ्या कार्यालयातून एक ऑपरेटर आमच्याकडे बदलून आले होते, चांगले पोक्त गृहस्थ. दादा त्यांना शिकवत होते. दादा माझ्यापाशी येऊन म्हणाले, “माझा पडदा गेलाय. तुझ्या सरावाच्या खिडकीत यांना पंप सुरू करायचं दाखवू का?”

“दाखवा की,” मी म्हटलं. साहेबांनी दाबाचे आकडे मागितले होते, ते सांगायला मी शेजारच्या खोलीत गेले. रंगारीदादांना कुठली खिडकी कुठली हे मी सांगायचं? ते म्हणजे स्वयंपाक्याला मीठ कुठलं ते दाखवण्यासारखं झालं असतं.

माझ्या टेबलाला डावीकडून खिडकीचा उजेड नाही, भिंत आहे. संगणकाच्या पडद्याची डावी बाजू जास्त स्पष्ट दिसते. म्हणून खरी खिडकी मी डावीकडे ठेवायचे.

मी साहेबांच्या टेबलापाशी उभी होते तेव्हा तिथला फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि ते उठूनच उभे राहिले. पलीकडून पंपघरातल्या मदतनिसाचा ओरडा मलाही ऐकू येत होता. “बंद करा! अहो बंद करा! हात आहे त्याचा आत!”

मी धावत आले. दादा माझ्या खुर्चीत शांत बसले होते आणि त्या नव्या गृहस्थांना सांगत होते, “बघा, आता हा पंप सुरू झाला. नकलेवर, म्हणून काही होत नाही.”

त्यांच्यासमोरची खिडकी लाल होती.

मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून पंप बंद केला. घाईत आज्ञा चुकली, दुसऱ्यांदा टाइप करावी लागली.

पहिलवानाचा जीव वाचला. उजवा हात अंगठ्यापाशी थोडा उरला, बाकी बोटं गेली.

चौकशी लागली. आज्ञा माझ्या संगणकावरून, माझ्या नावाने गेली होती. दादा म्हणाले, “मी सरावाच्याच खिडकीत होतो.” नव्या ऑपरेटरांना विचारलं, खिडकी लाल होती की हिरवी? ते म्हणाले, “साहेब, मी यांच्या बोटांकडे बघत होतो. रंगाचा काय अर्थ ते मला अजून सांगितलंच नव्हतं.” मी सांगितलं की खिडकी लाल होती. पण मी येईपर्यंत दादांनी कुठली निवडली होती, मी धावत येऊन काय दाबलं, याला साक्षीदार कोण?

साहेबांनी डोकं चालवलं. त्यांचं म्हणणं असं पडलं, की मी माझ्या संगणकावर रंग उलटे करून ठेवले असणार. सरावाची लाल, खरी हिरवी. रंगारी हिरव्या खिडकीत गेला, बरोबरच गेला, आणि नंतर घाबरून मी रंग पुन्हा जागेवर आणले. सगळं चपखल बसत होतं, कारण या सगळ्यात एकच गोष्ट अशक्य होती, ती म्हणजे रंगारी रंगाला चुकला ही.

मला कामावरून दूर ठेवलं. जुन्या ऑपरेटरबाईंनी माझ्याकडे बघणं सोडलं. घरी आई म्हणायची, “तू आठवून बघ नीट, चुकून केलं असशील.” आणि खोटं कशाला सांगू, रात्रंदिवस तेच तेच डोक्यात घोळून मलाच वाटायला लागलं होतं, की केलं असेल मी.

दादा गप्प होते. रोज कामावर येत होते आणि गप्प होते. मी पुढे बऱ्याचदा विचार केला, की त्या दिवसांत त्यांना काय वाटत असेल. वहिनी म्हणाल्या, ते जेवायला बसायचे आणि तसेच उठायचे. एका संध्याकाळी वहिनींनी विचारलं, “अहो, त्या पोरीने खरंच केलं असेल का असं?”

दादा खिडकीचा पडदा सारखा करत राहिले.

“मी विचारतेय काहीतरी.”

“नाही केलं तिने.”

“मग?”

“मग मी केलं.”

वहिनी शिवत होत्या. मशीन थांबवून त्यांनी हातातलं कापड वर धरलं. का धरलं ते त्यांनाही सांगता येत नाही, पण डोक्यात टोमॅटो, दोरे, सगळं एकदम आलं म्हणे. “हा रंग कुठला आहे?”

दादांनी ते डोळ्यांजवळ ओढून घेतलं. मग म्हणाले, “मातीचा.”

कापड भडक लाल होतं.

“माझा पहिला विचार काय होता सांगू?” वहिनी मला म्हणाल्या. “तो पहिलवानाचा नव्हता आणि तुझाही नव्हता. माझ्या मनात आलं, मी शिवलेलं इतक्या दिवसांत यांनी काहीच पाहिलं नाही.” मग त्या थोड्या थांबल्या. “नंतर मी भांडले. खूप भांडले. म्हटलं, त्या पोरीचं काय? ते म्हणाले, नोकरी जाईल. म्हटलं, जाऊ दे. ते म्हणाले, नोकरी नाही गं, मी. मीच जाईन. ते दोन रंग सोडले तर माझ्यात आहे काय? पण सकाळी मी त्यांना हाताला धरून घेऊन आले.”

साहेबांच्या खोलीत त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. दादा काळा चष्मा लावून उभे होते, वहिनी दारापाशी.

“मला लाल आणि हिरवं कळत नाही,” दादा म्हणाले. “दोन्ही चिखल दिसतात.”

साहेब हसले. वाईट माणूस नाही तो, पण हसले. “अहो, या मुलीला वाचवायला बघताय. ते कळतंय मला. पण असं काहीतरी सांगू नका.”

“बघा ना विचारून.”

साहेबांनी त्यांचा पडदा वळवला आणि दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी उघडल्या. “खरी कुठली?”

दादांनी चष्मा काढला, डोळे किलकिले केले आणि उजवीकडे बोट दाखवलं. ते बरोबर होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता त्यांनी माऊसने दोन्ही खिडक्यांची अदलाबदल केली.

“आता?”

दादांनी पुन्हा उजवीकडे बोट दाखवलं. हिरव्या खिडकीवर. बोट काचेला टेकलं होतं.

दादांना खोलीतल्या शांततेवरूनच कळलं. “बदललंत ना?” त्यांनी विचारलं. “मी फक्त जागा लक्षात ठेवतो, साहेब. हिच्या टेबलावर जागा उलट होती. ती मला माहीत नव्हती.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. “किती दिवसांपासून?”

“कौतुक केलंत त्याच्या नंतर थोड्या दिवसांनी पहिल्यांदा जाणवलं.”

“तेव्हाच सांगायचं होतंत.”

“हो,” दादा म्हणाले. “तेव्हाच सांगायचं होतं.”

मला कामावर परत घेतलं. कोणी माफी वगैरे मागितली नाही. जुन्या ऑपरेटरबाईंनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला, तीच त्यांची माफी. पंपघरातला तुटका खटका दुसऱ्याच दिवशी नवीन बसला. आणि रंगांवर विसंबायचं नाही म्हणून प्रत्येक खिडकीत, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत शब्द आला, ‘खरं’ किंवा ‘सराव’. ते काम माझ्याकडे दिलं होतं. करताना सारखं वाटायचं, दादांना विचारावं, बरं दिसतंय का. विचारलं नाही.

दादांना काढून टाकलं नाही, त्यांना खाली तळमजल्यावर तक्रारींच्या फोनवर बसवलं. पाणी आलं नाही, गढूळ आलं, नळ फुटला, दिवसभर लोक फोनवरून ओरडायचे आणि दादा ऐकून घ्यायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती, तेवढं एक त्यांना सोयीचं झालं. आम्ही जिन्यावरून जाताना त्यांचा आवाज ऐकू यायचा, “हो, कळलं. हो, चूक आमचीच आहे.” मला वाटतं, ते वाक्य म्हणायला त्यांना बरं वाटत असावं. किंवा नसेलही. मी खाली कमीच जायचे. तिथे गेलं की काय बोलायचं हा प्रश्न पडायचा, आणि मी कोण ते त्यांना आवाजावरून ओळखावं लागतंय हे बघवायचं नाही.

पहिलवानाला भेटायला ते गेले, तेव्हा तो दवाखान्यातून घरी आला होता. वहिनी सोबत होत्या. पहिलवान कॉटवर बसला होता, हात पांढऱ्या पट्टीत. दादा म्हणाले, “मी आलोय.”

“दिसतंय मला,” पहिलवान म्हणाला. “मला दिसतं.”

दादा उभेच राहिले. पहिलवानाची बायको पाणी घेऊन आली आणि पेला नुसता टेबलावर ठेवून आत निघून गेली.

“तुझ्याबरोबर रोज जेवलो रे,” पहिलवान म्हणाला. “एका डब्यात. मला सांगितलं असतंस तर मी काय हसलो असतो तुला? मी साहेबांना सांगायला गेलो असतो? फक्त मला सांगायचं होतंस. मी त्या दिवशी फोन केला तेव्हा म्हटलं असतं, ताई, रंगाऱ्याला आज खुर्चीवर बसू देऊ नका. बस. एवढंच.”

“मला भीती वाटली.”

“माझी?”

“नाही. सगळ्यांची.”

पहिलवानाने पट्टीतला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाला, “जा आता. आज नको.”

कधी यायचं ते त्याने सांगितलं नाही, आणि दादांनी विचारलं नाही.

फिटरचं काम पहिलवानाला जमण्यासारखं नव्हतं. त्याला टेकडीवरच्या मोठ्या टाकीवर राखणदार नेमलं. दिवसभर फाटकापाशी बसायचं, काम संपत आलं की टाकीभोवती एक चक्कर मारून कुलूप लावायचं. त्याची ती नट हलवणारी बोटं आठवली की मला अजून कसंतरी होतं.

दादांचे डोळे डॉक्टरांनी सांगितलं तसेच गेले, त्याच क्रमाने. फोनचे आकडेही दिसेनात तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. निरोपाला पहिलवान आला नव्हता. साहेबांनी दादांच्या जुन्या कामाबद्दल चार शब्द बोलायला सुरुवात केली, लाल आणि हिरव्या खिडक्यांपर्यंत आले आणि तिथेच अडखळले. मग “असो” म्हणून बसले.

मी अधूनमधून वहिनींकडे जाते. दादा दिवसा मागच्या खोलीत, जाड पडदे ओढून बसलेले असतात. उजेडात त्यांना काहीच दिसत नाही, सगळं पांढरं होऊन जातं. ऊन उतरलं की बरं वाटतं, सावल्या तरी कळतात, मग ते काठी घेऊन बाहेर पडतात. वहिनींना आधी वाटायचं कोपऱ्यापर्यंत जातात. नंतर शेजाऱ्यांकडून कळलं की टेकडीपर्यंत जातात.

पहिल्या दिवशी पहिलवानाने नुसती एक खुर्ची पुढे ओढली म्हणे. दोघं बसायचे. बोलायचे ते पाण्याच्या पातळीवर, व्हॉल्व्हच्या गळतीवर, साहेब कोण नवा आला त्यावर. अपघाताचा विषय नाही. एकदा पहिलवानाने डबा उघडून पुढे केला, दादांनी एक घास खाल्ला. त्या दिवशी ते घरी आले आणि वहिनींना म्हणाले, “त्याच्या बायकोच्या हातालाही मीठ कमीच आहे.” वहिनी सांगत होत्या, लग्न झाल्यापासून स्वयंपाकाला नावं ठेवणं एवढं गोड कधी वाटलं नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी टाकीच्या पायऱ्या उतरताना दादांचा तोल गेला. पहिलवान पुढे होता. त्याने वळून पटकन हात दिला, आणि घाईत उजवाच दिला. दादांनी तो घट्ट धरला. धरला आणि त्यांच्या मुठीत जे आलं ते त्यांना कळलं. आतापर्यंत तो हात त्यांनी पाहिलेला नव्हता, पाहू शकतच नव्हते. ते पायरीवरच खाली बसले.

“अरे, काही नाही,” पहिलवान म्हणत होता. “आता दुखत नाही तो. ऊठ.”

त्याने त्यांना घरापर्यंत आणून सोडलं. वहिनींनी दार उघडलं तेव्हा दोघांचेही चेहरे एकसारखे उतरलेले दिसत होते, असं त्या म्हणाल्या.

ही गोष्ट गेल्या महिन्यातली. परवा मी गेले तेव्हा ऊन उतरलं होतं, तरी पडदे ओढलेलेच होते. काठी दारामागे उभी होती.

“जात नाहीत का आता?” मी हळूच विचारलं.

वहिनींनी सुईतून दोरा ओढून घेतला. “तो येतो,” त्या म्हणाल्या. “टाकीला कुलूप लावलं की दारापर्यंत येतो, हाक मारतो. हे आतून म्हणतात, आज नको. मग तो जातो.”

“आणि उद्या?”

“उद्या परत येतो.”

आतल्या खोलीतून दादांनी विचारलं, “कोण आलंय गं?” मी माझं नाव सांगितलं आणि त्यांच्यापाशी जाऊन बसले.